मोराचा कप

सासऱ्यांच्या कपाच्या कडेचा टवका उडाला होता. त्यांच्या ओठाला लागेल म्हणून नव्या सुनेने, झोयाने, तो पांढऱ्या सिमेंटने भरला आणि पॉलिशपेपरने इतका घासला, की बोटालाही कळू नये. सकाळी तिने त्यातच चहा दिला. त्यांनी कडेवरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला.

"आल्या आल्या माझा कपबी बदललास व्हय, बेटा? ह्यो माझा न्हवं."

घरात हिरवा मोर असलेला कप तो एकच होता, आणि मोर त्यांच्या समोरच होता. झोयाने त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं. जे घरात कुणालाच माहीत नव्हतं ते तिला कळलं.

"चुकले, अब्बा. तुमचा आणते."

आत जाऊन तिने सुरीच्या टोकाने सगळं सिमेंट उकरून काढलं, आणि परत येऊन कप त्यांच्या हातात दिला.