उन्हात फुगवलेला पाव

मेरेतने आजही ताट भिंतीकडे सरकवलं. तीन हजार वर्षं कबरीत पडलेल्या या बाईला कैरोच्या प्रयोगशाळेने जिवंत केलं खरं, पण तिला जेवू कोण घालणार? सलाईन ती उपटून टाकायची. नाडी मंदावत चालली होती आणि डॉक्टर नर्मीनने अक्षरशः हात टेकले होते.

तेवढ्यात नर्मीनची आई लुक्सॉरजवळच्या गावाहून डबा घेऊन आली. डब्यात घरचा पाव होता, कणकेचे गोळे उन्हात ठेवून फुगवलेला.

"पोरी, तू तरी खा गं. किती वाळलीस!" आई नर्मीनला म्हणाली.

वास येताच मेरेत ताडकन उठून बसली. तिने पाव उचलला, हुंगला, बोटाने दाबला आणि आईवर फणकारली. खोलीतल्या दुभाष्या यंत्राने लगेच सांगितलं, "ऊन कमी पडलंय याला. घाई केलीस ना?"

"अहो, काल धुळीने आभाळ भरलं होतं!" आई कावरीबावरी झाली.

"मग थांबायचं. आम्ही थांबायचो."

"अगदी माझ्या सासूबाई गं!" आई नर्मीनच्या कानात पुटपुटली.

मेरेत तोवर दुसरा घास मोडत होती.