उत्तररंग पुढच्या खेपेला

सारंगने मोबाइल प्रबोधच्या ताटाशेजारी सरकवला. "हे बघ. तीच कंपनी, तेच डबे. आज सांगितलं तर उद्या दारात. आणि तू त्यासाठी तुआसला जातोस."

ऑफिसखालच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या गर्दीत, दोघे जेवायला बसले होते. सारंग घरच्या घरी बिअर करायचा. जवाच्या पाकाचे डबे, यीस्ट, बुचं, सगळं तो ऑनलाइन मागवायचा. प्रबोध मात्र घराजवळ पासिर रिसला एमआरटीच्या मेट्रोत बसे आणि लाइनच्या पार दुसऱ्या टोकाला उतरे. तिथल्या एका औद्योगिक इमारतीत शामकांतकाकांचं दुकान होतं.

"व्हॅनमध्ये यीस्ट तापतं," प्रबोध म्हणाला. "आणि डबे चेपतात."

"माझे नाही कधी चेपले. तुझं काहीतरी वेगळंच आहे. एवढं बनवतोस, पण पाजत कधी नाहीस."

प्रबोध हसला आणि सांबार भातावर ओढून घेतलं.

शनिवारी तो तुआसला गेला. शामकांतकाका मूळचे हर्णैचे. आधी जहाजावर इंजिनियर, मग इथल्या जहाजदुरुस्तीच्या यार्डात, आणि निवृत्तीनंतर एका मित्राच्या भागीदारीत हे दुकान. मित्र मुलाकडे पर्थला निघून गेला. गिऱ्हाईक आधी रोडावलं, मग जवळजवळ थांबलंच. गेल्या दिवाळीत काका म्हणाले होते, आता शटर ओढतो. तेव्हापासून प्रबोध दर खेपेला डब्यांचं एक खोकं विकत घेऊ लागला. काकांनीही तो विषय पुन्हा काढला नाही.

आज मागच्या फळीवर एकच खोकं होतं. बाकीचा माल आत आहे, असं काका म्हणाले. दुसरं स्टूल त्यांनी फडक्याने पुसलं, चहा ठेवला आणि रिकामं प्लास्टिकचं पिंप पुढ्यात ओढून त्यावर बोटांनी ठेका धरला. लहानपणी हर्णैच्या देवळात ते बुवांमागे झांज घेऊन उभे राहत. कीर्तनाचा आवाज अजून त्यांच्यापाशी होता, जरा खरखरीत, वरच्या सुरात जाताना किंचित थरथरणारा. बिअरच्या दुकानात नारायणाचं नाव घेता, म्हणून प्रबोधने एकदा त्यांना चिडवलं होतं. मी जवाचा पाक विकतो, काका म्हणाले होते, पुढे त्याचं काय होतं ते ज्याचं त्याने बघावं.

प्रबोधचे वडील कीर्तनकार होते. पूर्वरंग चालू असतानाच तो आईच्या मांडीवर झोपून जाई. उत्तररंगातली गोष्ट त्याने कधी पुरी ऐकलीच नाही. सकाळी विचारलं की वडील म्हणत, जागायचं होतंस. मग शिक्षण, नोकरी, इथला कामाचा पास, आणि एक दिवस पुण्याहून फोन. आता विचारायला वडील नव्हते. काकांनी पहिली ओळ उचलली की त्याला चंदनाचा वास यायचा, आणि झोपही यायची. पण तो झोपत नसे.

काका म्हणत होते, देवाला सगळं कळतं, पण तो ओळख दाखवत नाही. भक्ताचा मान राहावा म्हणून. "सुदाम्याने पोह्यांची पुरचुंडी काखेत लपवली. देवाला काय, दिसत नव्हती?" ठेका थांबला. "पण विचारलं का लगेच? घाई केली का?"

"मग पुढे?"

"पुढे उत्तररंग. तो पुढच्या खेपेला, प्रबोधा."

दर वेळी ते असंच मध्ये थांबवत. मग त्यांनी खोकं खाली घेतलं, वरच्या कोपऱ्यावर दुकानाचं लेबल चिकटवलं आणि अंगठ्याने त्याच्या चारही कडा दाबल्या. हल्ली जरा जास्तच वेळ दाबत.

प्रबोधने आयुष्यात बिअर चाखली नव्हती. खोकं घरी आलं की त्याची बायको ऋचा त्याचा फोटो काढून जुन्या-नव्या वस्तूंच्या एका ॲपवर टाकी, घेतलं त्यापेक्षा कमी किमतीत. कोणीतरी ते लगेच घेई आणि न्यायला डिलिव्हरीवाला पाठवी. तुझं कीर्तन महागाचं आहे, ऋचा म्हणे. पण म्हणताना हसे. नुसतं बसायला गेलो तर काका माझ्यासाठी दुकान उघडं ठेवणार नाहीत, हे त्याने तिला एकदाच सांगितलं होतं. तिने पुन्हा विचारलं नाही.

अडचण होती ती आईची. सुलभाताईंना घरात आलेल्या प्रत्येक नव्या वस्तूला कुंकू लावायचं असे. तांदळाची पिशवी असो, पंखा असो, नाहीतर हे खोकं. पुठ्ठ्यावर नीट उमटत नाही म्हणून त्या लेबलावर बोट टेकवत. पहिल्या वेळी ऋचा ओलं फडकं घेऊन आली, तर त्यांनी तिचा हात धरला होता. "अगं, कुंकू पुसतात का कधी?" तेव्हापासून खोकी तशीच जात. घेणाऱ्याने कधी तक्रार केली नाही.

त्या संध्याकाळी प्रबोध घामाघूम होऊन घरी पोचला. खोकं मांडीवर धरून त्याने अख्खी लाइन पार केली होती. तळहाताच्या ओलीने लेबलाचा कोपरा सुटला होता.

देवापुढे दिवा लावून सुलभाताई कुंकवाचा करंडा घेऊन आल्या. वाकडं लेबल त्यांना बघवेना. सरळ करायला म्हणून त्यांनी ते ओढलं, आणि ते अलगद हातात आलं. खाली तसंच आणखी एक लेबल होतं.

त्यांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. बोट करंड्यातच राहिलं.

"प्रबोध," त्या म्हणाल्या, "याला तर मी मागेच कुंकू लावलंय."