आज सुई नाही

“आज सुई नाही द्यायची,” म्हणत तवोंगानं लेकीचा हात स्वतःकडे ओढून घेतला.

दर आठवड्याचं हे भांडण. आठ वर्षांच्या लुसुंगूला रक्ताचा कॅन्सर होता. सुईतलं औषध तो रोग मारायचं, पण सोबत हातापायांच्या नसाही जाळायचं. तिच्या पायांचे पंजे लोंबायला लागले होते. चालताना चप्पल मागेच राहायची. झोपेत पावलांना पांघरूण लागलं तरी ती किंचाळायची. शाळेत नेटबॉल खेळताना सगळ्यांत उंच उडी मारणारी ही पोर आता फ्रॉकच्या बटणासाठी आईला हाक मारायची.

डॉक्टर चिरांबोंनी होते ते सगळे उपाय केले होते. पंजे वर ताणायला शिकवलं, पायांच्या आगीवर गोळी दिली, एकदा औषधही कमी केलं. बंद मात्र केलं नाही. “लुसुंगूची आई, पाय हळूहळू सुधारतील,” ते दरडावायचे. “पोरगीच हातची गेली तर?” मग तवोंगा पुटपुटत का होईना, लेकीला धरून बसायची.

आज ती हटणार नव्हती.

“काल नळापाशी तोंडावर आपटली. लंगडी करून पाठवणार का घरी?”

“आई, एक सुई डॉक्टरांनाच दे,” लुसुंगू म्हणाली. “मग बघ कसे नाचतात!”

एरवी डॉक्टर खदखदून हसले असते. आज ते कॉटच्या कडेला टेकले. लुसुंगूचा पंजा त्यांनी तळहातावर घेतला.

“बरं,” ते म्हणाले. “नाही देत.”

आपण जिंकलो, असंच तवोंगाला वाटलं. “या आठवड्यापुरतीच ना?”

डॉक्टर उठले, तिला दारापाशी घेऊन गेले. आवाज अगदी खाली आला.

“आता कधीच नाही. रोग परत आलाय. या औषधाला दाद देत नाही, आणि दुसरं आपल्याकडे नाही. घरी न्या तिला. पायांची आग थांबेल हळूहळू.”

मागे कॉटवर लुसुंगू विचारत होती, “खरंच नाही सुई? खरंच?”

नर्स सुईचा ट्रे उचलून निघाली होती. तवोंगा तिला आडवी गेली. तिनं ट्रे दोन्ही हातांनी घट्ट धरला.

“द्या हो डॉक्टर,” ती म्हणाली. “मी धरते तिला. हलू देणार नाही.”