पाहणाऱ्याचा जबाब

उमानं फेट्याचं टोक चंद्राबाईच्या हातात दिलं आणि फीत लावत लावत ती सोप्याच्या दुसऱ्या भिंतीपर्यंत गेली. सोळा फूट सात इंच. तिनं वहीत आकडा लिहिला. केशरी रंग फक्त घड्यांच्या आत उरला होता.

“माझं लग्नातलं लुगडं सुदिक कुणी असं मोजलं न्हाई,” चंद्राबाई म्हणाली. “आवं मामंजी, तुमच्या गुंडा पैलवानाचं नशीबच थोर.”

तिचे सासरे, नानासो, खांबाला टेकून हसले. मोतीबिंदूनं त्यांचे डोळे दुधाळ झाले होते. बाहेर गुऱ्हाळाचा धूर उसाच्या फडावरून इतका सावकाश सरकत होता, की आष्ट्यातली ती दुपार कुणीतरी हातात धरून ठेवल्यासारखी वाटत होती.

घोंगडीवर तीन वस्तू मांडल्या होत्या. फेटा, चांदीचं कडं, लंगोट. तिन्ही खंडाळ्याच्या गुंडाच्या. एकोणीसशे बारा साली खंडाळ्याच्या जत्रेतली शेवटची कुस्ती त्यानं मारली होती. पुढं तो पलटणीत भरती झाला आणि पहिल्या महायुद्धात बसऱ्याकडे कुठंसा पडला. त्याच्या आईनं मरताना या वस्तूंची पेटी नानासोंच्या स्वाधीन केली. आता त्याचं नाव घेणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं.

“मामंजी दर शनवारी ते कडं राखेनं घासत्यात,” चंद्राबाई म्हणाली. “नातवाचं तोंड कवा पुसलं न्हाई एवढ्या मायेनं. ह्यांच्या माघारी कोण घासणार? आमचे मालक तर आत्ताच म्हणत्यात, ही अडगळ कशाला.”

म्हणून तर नानासोंनी सांगलीला पत्र लिहवून घेतलं होतं. पुढच्या महिन्यात तिथं संग्रहालय उघडणार होतं; उमा तिथूनच आली होती. तालमींसाठी एक दालन होतं, काचेची कपाटं होती. वस्तू मागितल्या तरच परत द्यायच्या बोलीवर न्यायच्या, आणि कपाटाखालच्या पाटीवर गुंडाचं नाव राहणार होतं. नानासोंना एवढंच हवं होतं.

कागद भरत आला होता. शेवटचे दोन रकाने राहिले होते. हरलेल्या पैलवानाचं नाव, आणि प्रत्यक्ष पाहणाऱ्याचा जबाब. जबाबाशिवाय वस्तू घ्यायची नाही, असं उमाला वरून बजावलं होतं. मागच्याच महिन्यात एकाच सरदाराची एकुलती एक तलवार तीन घरांतून आली होती.

“मी हुतो की तितं,” नानासो म्हणाले. “चिंचंवर चढून बसलो हुतो.”

चंद्राबाईनं उमाकडे बघून डोळे मिचकावले. ही गोष्ट तिला पाठ होती.

“गुंडा आत शिरला,” नानासो सांगू लागले. त्यांचा आवाज झोपेत बोलणाऱ्या माणसासारखा झाला. “कमरंत धरलं. उचललं. आन मग लय येळ काईच झालं न्हाई. पाण्यात पडल्यावर कसं हुतं, तसं. हलगी बंद. माणसं बंद. नाकाशी नुसता मातीतल्या कापराचा वास. वर एक घार फिरत हुती, पंख न हलवता. मी म्हटलं, हिला काय ठावं खाली काय चाललंय.”

उमाचा टाक कागदावरच थांबला.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत तिला एक सवय लागली होती. काय दिसलं ते लिहिण्याआधी बघणारा कुठं होता ते ती लिहायची. शेवटच्या डावाला हजार माणसांतला एकही वर बघत नाही. आणि आखाड्यातल्या मातीचा वास झाडावर चढत नाही.

“नानासो,” तिनं हळूच विचारलं, “चिंचेच्या पाल्यातून आभाळ दिसतं?”

चंद्राबाई फेट्याची घडी घालायची थांबली. धुराची एक पातळ रेघ दारातून आत आली आणि विरून गेली.

उमानं उत्तराची वाट पाहिली. मग टाक पुसून दौतीला झाकण लावलं. “खोटा जबाब मला लिहिता यायचा नाही. राहू द्या वस्तू इथंच.” तिनं कडं उचलून पेटीत ठेवलं.

चांदी लाकडाला लागल्याचा आवाज झाला तसे नानासो ताठ बसले.

“थांबा बाई. पेटी मिटू नगा. लिवा. नानासो दादू ढोले, मुक्काम आष्टा.”

“हे पाहणाऱ्याचं नाव झालं.”

“व्हय,” नानासो म्हणाले. “आन हरणाऱ्याचंबी त्येच.”

चंद्राबाईच्या हातून फेटा सुटला. “अगं आई! मग ती चिंच?”

“चिंच न्हवतीच तितं. घरी कुस्ती बघाया चाललो म्हणून सांगून गेलो हुतो. हरून आलो, मग बघूनच आलो म्हटलं. पस्तीस वरसं झाली.”

उमानं दौत उघडली. दोन्ही रकान्यांत एकच नाव लिहिलं.

चंद्राबाईला राहवेना. “पर मामंजी, ज्यानं तुमाला हजार माणसांत पाडलं, त्याचं कडं तुमी जलमभर घासत बसला? कशापायी?”

नानासोंनी आपला हात मानेमागं नेला आणि डोक्याखाली तसाच धरून ठेवला.

“आपटताना त्यानं आपला पंजा माझ्या डोस्क्याखाली घातला हुता,” ते म्हणाले. “हजार माणूस बघत हुतं, पर त्याला साक्षी मी एकलाच.”