शहापूरचं घर

कारागृह अधीक्षक असलेल्या आनंदरावांची सगळी नोकरी गावोगावच्या सरकारी क्वार्टरमध्ये गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी शहापूरला घर बांधलं, आणि तिथेच पत्नीला, धुरपताबाईंना, विसरण्याचा आजार जडला. एकदा त्या भर हायवेवर ट्रकांमध्ये सापडल्या. तेव्हापासून आनंदराव दाराला कुलूप लावू लागले.

आज ते चहा घेऊन आत गेले, तर धुरपताबाईंनी हातच जोडले.

"साहेब, मी काहीच नाही केलं जी. मले घरी जाऊ द्या."

"धुरपता, हे आपलंच घर होय."

त्यांना ते पटलं नाही. दाराकडे बघत त्या हळूच म्हणाल्या,



"माहे मालक मोठे जेलर आहेत जी. त्याईले निरोप द्या फक्त, ते मले सोडवतीन."