सहापर्यंत

"एक तास. तोंडातून एक अक्षर काढायचं नाही. मान हलवायची नाही, डोळे वटारायचे नाहीत. तेही बोलणंच झालं, आई."

वाचा-उपचाराच्या बाईंचे हे शब्द आठवत आई बुटांच्या दुकानात ओठ मिटून उभी होती. भिंतीवरच्या घड्याळात साडेपाच झाले होते. तिचा नेम पाच ते सहाचा. शेजारी चाकांच्या खुर्चीत दहा वर्षांची ठकू. आणि दुकानातला माणूस ठकूच्या डोक्यावरून थेट आईलाच विचारत होता, "बोला ताई, बेबीसाठी काय दाखवू?"

आईच्या जिभेवर उत्तर तयार होतं. ते नेहमीच तयार असे. तिची नोकरीच चौकशीच्या खिडकीतली; समोरच्याचा प्रश्न पुरा व्हायच्या आत हिचं उत्तर निघालेलं. आणि ठकूला सेरेब्रल पाल्सी. हातपाय जसे तिचं सावकाश ऐकत, तशीच जीभही. एकेक शब्द तिला खोल विहिरीतून शेंदून काढावा लागे. तो काठाशी येईतो आई पूर्ण वाक्य बोलून मोकळी. "तिला भूक नाहीये हो." "तिला गाणी फार आवडतात." सगळं मायेपोटीच. बाई शांतपणे म्हणाल्या होत्या, "तिला बोलायचं नसतं असं नाही, आई. तुम्ही तिला पोचू देत नाही."

त्याच संध्याकाळी तिने देवापुढे हात जोडून हा नेम धरला, आणि ठकूलाही शब्द दिला. पहिले नऊ दिवस नेम घरातच पार पडला. दहाव्या दिवशी ठकूनेच तक्रार केली. "घरात... मला... कोण विचारतं? फसवतेस... तू."

म्हणून आज दुकान.

"ताई?" माणसाने आवाज चढवला. "बूट? चप्पल? सँडल?"

मान चुकूनही हलू नये म्हणून आईने नजर छताच्या पंख्याला लावली. माणसाच्या चेहऱ्यावर एकदम कणव पसरली. त्याने स्वतःच्या पायाकडे बोट दाखवलं, मग ठकूच्या पायाकडे, मग दोन्ही हातांनी हवेतल्या हवेत बूट चढवून दाखवला. आईने गालाची आतली बाजू दातांखाली धरली. हसणं बोलण्यात धरतात की नाही, हे बाईंना विचारायचं राहूनच गेलं होतं.

"अरेरे, आईला बोलता येत नाही वाटतं," तो गल्ल्यावरच्या मालकिणीला म्हणाला. आणि मग दहा वर्षांत कुठल्याच दुकानदाराने केलं नव्हतं, ते त्याने केलं. तो गुडघ्यांवर बसला आणि ठकूच्या डोळ्यांसमोर आला. "बाळा, तुझ्या आईला बोलता येत नाही का गं?"

ठकूची मान कलली. उजवा हात आपोआप वर गेला. ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले. आई मनातल्या मनात देवाचं नाव घेऊ लागली. एकवीस वेळा घेऊन झालं, तेव्हा पहिला शब्द आला.

"येतं." मग मोठा श्वास. "फार... येतं. पण... सहापर्यंत... मी."

मालकीण गल्ल्यावर डोकं टेकून हसली. माणसाचे कान लाल झाले. त्याने स्टूल ओढलं आणि ऐसपैस बसला. "चुकलो. मग सांगा मॅडम, काय दाखवू?"

"पिवळे."

पिवळे निघाले. लेसवाले, चकचकीत.

"एक... साईज... मोठे. आत... स्प्लिंट... असतं."

आई पंखा विसरली. पायाला आधार देणारी ती पट्टी बुटात मावायला हवी, हे हिला माहीत होतं?

माणसाची नजर ठकूच्या पायातल्या जुन्या बुटांकडे गेली. "यांच्यासारखेपण आहेत हं. तपकिरी, चिकटपट्टीचे. देऊ?"

या वेळी शब्दांना फारच वेळ लागला. माणूस स्टुलावरून हलला नाही.

"तपकिरी... मला... कधीच... आवडला... नाही."

दहा वर्षं आई आत्याला, मामाला, शेजारणींना कौतुकाने सांगत आली होती, "आमच्या ठकूला तपकिरीच लागतो बाई!" मळ दिसत नाही म्हणून तो रंग आवडायचा तो तिला स्वतःला. तिने त्या जुन्या तपकिरी बुटांकडे पाहिलं. पण खुर्चीत ठकू इतकी मिजाशीत डुलत होती, की डोळे भरता भरताच तिला हसू फुटलं.

घड्याळात सहा वाजले.

माणसाने पिवळा बूट हातात घेऊन उलटसुलट केला. "बूट झकास आहे. पण लेस आहे, ताई. रोज सकाळी, घाईगडबडीत, बांधणं होईल का तुमच्याने?"

तास संपला होता. आईने घड्याळाकडे पाहिलं, खात्री करून घेतली, छातीभर श्वास घेतला आणि तोंड उघडलं.

"बांधेल," ठकू म्हणाली.

आईने उघडलेलं तोंड मिटलं. ती खाली बसली, ठकूचा डावा पाय मांडीवर घेतला आणि पिवळ्या लेसचं टोक पहिल्या भोकात ओवलं.