पुलाकडचा रस्ता

मेजरने काडेपेटी उघडली आणि नकाशातल्या पुलाकडच्या रस्त्यावर सगळ्या काड्या ओतल्या.

"हे काय?" पंचांनी विचारलं.

"माणसं, सर. या खेळात रणगाड्यांना सोंगट्या आहेत, तोफांना आहेत. माणसांना नाहीत."

वर्गात हशा पिकला. सकाळपासून टेबलाभोवती उभं राहून सगळ्यांचे पाय भरून आले होते. नकाशातला देश खोटा, युद्धही खोटं. अधिकाऱ्यांना चढाई शिकवण्यासाठी मांडलेला डाव होता तो. चढाई मेजरकडे होती, बचाव निवृत्त कर्नलांकडे. तुकडीतले सगळे त्यांना पाठीमागे आजोबा म्हणायचे. म्हातारा भलता चिवट. मेजर पुलाशी पोचली की त्यांचे राखीव रणगाडे ऐन वेळी त्याच रस्त्याने येऊन उभे ठाकायचे आणि तिला हात चोळत मागे फिरावं लागायचं.

"या वेळी मी आधी पुलावर जातच नाही," ती म्हणाली. "मागच्या गावांवर तोफा डागते. गावं ओस पडतील. बायकामुलं, म्हातारेकोतारे, गुरंढोरं, सगळी याच रस्त्याला लागतील. मुंगी शिरायला जागा उरणार नाही. मग येऊ देत रणगाडे."

आता कुणी हसलं नाही. पंचांनी नियमांचं पुस्तक चाळलं आणि मिटलं.

"कर्नल, रस्ता मोकळा करून घ्यायचा असेल तर घेऊ शकता. रणगाडे तुमचे आहेत."

"आणि माणसं?"

"तीही तुमचीच."

कर्नलांनी पुढच्या रणगाड्याला बोट लावलं. मग हात मागे घेऊन खिशात घातला. "माझे रणगाडे आहेत तिथेच थांबतील," ते म्हणाले.

थोड्याच वेळात पूल मेजरच्या हाती आला.

चहाच्या सुट्टीत ती खिडकीशी एकटीच उभी होती. कर्नल कप घेऊन तिच्याजवळ आले. "डोकं चालवलंत. कुठल्या पुस्तकात नाही हे. सुचलं कुठून?"

"असल्या एका रस्त्यावर मी होते, सर. लहानपणी. आईच्या कडेवर धाकटा, माझ्या डोक्यावर अंथरुणाची वळकटी." तिने चहावर फुंकर घातली. "मागून रणगाडे आले. आपलेच होते. आम्हाला हायसं वाटलं, आपली माणसं आली म्हणून."

"मग?"

"त्यांना पुढे जायची घाई होती. आईने मला बाजूच्या शेतात ढकललं. तिला आणि धाकट्याला उतरायला सवड मिळाली नाही."

कर्नलांनी कप खिडकीत ठेवला तो तसाच राहिला.

सुट्टीनंतर पंचांनी बाजू बदलल्या. आता पूल राखायचा होता मेजरला. कर्नलांनी तिचाच डाव तिच्यावर उलटवला. गावांवर तोफा डागल्या आणि रस्त्यावर काड्या मांडल्या. ओतल्या नाहीत, एकेक करून, शेजारी शेजारी मांडल्या. मग ते मागे सरकून तिच्याकडे पाहत राहिले.

"मेजर," पंच म्हणाले, "रस्ता मोकळा करून घेणार?"

शत्रू पुलाच्या तोंडाशी आला होता. पुलापलीकडे शहर होतं. शहर गेलं की सगळंच गेलं.

मेजरने पहिल्या रणगाड्यावर हात ठेवला. बराच वेळ तो हलला नाही.

"पुढे," ती म्हणाली, आणि सोंगटी ढकलली.

काही काड्या बाजूला घरंगळल्या. काही लाकडी सोंगटीखाली येऊन मोडल्या. तेवढाच काय तो आवाज. रणगाडे वेळेत पुलावर पोचले. मागून कुणीतरी टाळ्या वाजवायला गेला आणि मध्येच थांबला.

"पूल वाचला," पंचांनी जाहीर केलं. "उत्तम बचाव."

वर्ग रिकामा झाला. मेजर आणि कर्नल तेवढे मागे राहिले.

"मला वाटलं होतं," ते हळूच म्हणाले, "तुम्ही तरी थांबाल."

मेजरने नकाशावरून नजर उचलली नाही.

"मलाही तसंच वाटलं होतं, सर."